साडूंची चवीची शाळा

ज्याला मीठ आणि साखर यांतला फरक कळत नाही, त्याने मुलांना चव शिकवायला बसावं, हा अविचार अख्ख्या पिंपरी-चिंचवडात आमच्या साडूंखेरीज कोणी केला नसेल. गेल्या वर्षीच्या तापाने त्यांची चव गेली, वासही गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. एवढं तर मीही सांगितलं असतं! साडूंनी हे फक्त मला सांगितलं आणि माझ्या मेव्हणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. "तिला रांधायचा लई हुरूप हाय, भाऊ. मला चवच न्हाई म्हणल्यावर ती कुणासाठी रांधंल?"

साडू चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचे. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. पोळीची जाडी व्हर्नियरने मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आता दर रविवारी सकाळी संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वाट्या मांडतात. साखरेचं पाणी, मिठाचं, लिंबाचं, कारल्याचं. प्रत्येक वाटी आधी स्वतः चाखतात, मगच तिच्यावर हिरवी चिठ्ठी लावतात. चाखून त्यांना काय कळतं देव जाणे, पण न तपासलेला माल पुढे सोडायचा नाही म्हणजे नाही. मुलांना रुमालाने जीभ कोरडी करायला लावतात आणि वर साखर ठेवतात. काही लागत नाही. लाळ सुटली की गोड. मग डोळे बांधून, नाक दाबून सफरचंदाची आणि कच्च्या बटाट्याची फोड. पोरं हमखास फसतात, आणि नाक सोडलं की किंचाळतात. "काय झालं? नाक सोडल्यावर काय झालं, नीट सांग," असं साडू इतक्या अधाशीपणे विचारतात की मला तिथे थांबवत नाही. मुलं गेल्यावर उरलेली फोड तोंडात घालून ते स्वतःचं नाक दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. काही होत नाही. होणारही नाही, असं मला वाटतं.

परवाच्या रविवारी त्यांनी साखरेच्या वाटीत चुकून मीठ विरघळवलं, चाखलं आणि चिठ्ठी लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या सईने घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"आजोबा, हे खारट आहे! तुम्ही तर आत्ताच चाखलं!"

साडूंनी पुन्हा एक घोट घेतला. "गोडच हाय की."

"तुम्हाला कळत नाही का?"

साडूंनी वाटी खाली ठेवली. "न्हाई बाळा. कळत न्हाई."

मेव्हणी चमचे घेऊन जिन्यात उभी होती. तिने चमचे पायरीवर ठेवले आणि वर निघून गेली.

दुपारी तिने आम्हा दोघांना जेवायला वाढलं. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे मला आणखीच भीती वाटली. लग्न झाल्यापासून ती पहिल्या घासाला साडूंना विचारत आली, आमटी कशी झालीय. आणि वर्षभर हा माणूस धडधडीत "झकास" म्हणत आला. त्या दिवशी ती माझ्याकडे वळली.

"दाजी, आमटी कशी झालीय?"

साडूंचा घास हातातच राहिला. मान खाली घालून म्हणाले, "सांगा की, भाऊ. नीट सांगा. मलाबी कळू द्या."

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चिंचेचा आंबटपणा, गूळ, वरची फोडणी, सगळं माझ्या जिभेवर होतं. "चांगली झालीय," एवढंच मी म्हणालो. त्याहून जास्त मला काही सांगता आलं नाही.