मिळून आला नाही

आमच्या घरी पोलीस आला तो पासपोर्टच्या चौकशीसाठी. मुलगी दुबईला असते, तिचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आम्हा दोघांना जायचं होतं. सगळी कागदपत्रं मी स्वतः फायलीत ओळीने लावून ठेवली होती. तीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलेल्या माणसाला कागदांचा माज असतो, तसा मलाही होता. हवालदाराने फाइल चाळली, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाला, "काका, एक अडचण हाये. तुमच्या नावाचं वॉरंट पेंडिंग दिसतंय."

मी भडकलो. माझा आवाज चढला की पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातो. "वॉरंट? माझ्या नावाचं? उभ्या आयुष्यात मी कोर्टाची पायरी चढलो नाही!"

"चढले नाय म्हणूनच निघालंय, काका," हवालदार शांतपणे म्हणाला. "साक्षीदाराचं हाये. घाबरू नका, मी काय तुम्हाला धरून नेत नाय. कोर्टात जा, शोधा, रद्द करून आणा. मंग पासपोर्टचं बघू."

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातला टॉवेल तसाच धरून उभ्या होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "चुकीच्या माणसाचं असेल." बायको चहाचे कप उचलून आत गेली. चुकीच्या माणसाचं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

माझं दुकान एका पोलीस ठाण्याच्या जवळ होतं. पोलिसांना पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात, म्हणजे जे घडलं ते डोळ्यांनी पाहणारी बाहेरची दोन माणसं. कागदावर त्यांना 'प्रतिष्ठित नागरिक' म्हणतात. ठाण्यातून कुणीतरी यायचं, "काका, एक सही," म्हणायचं. कागद लिहून तयार असायचा. मी गिऱ्हाइकाच्या प्रती काढता काढता डाव्या हाताने तो कागद सरळ करायचो आणि उजव्या हाताने सही करायचो. कुठे काही बघायला गेलोच नाही. वाचायचोही नाही. साहेब लोक आपल्याला प्रतिष्ठित समजतात याचंच कौतुक होतं, आणि माझ्या दुकानापुढच्या गाड्या कधी उचलल्या जात नसत, तो फायदा वेगळा. बाजारपेठेतले निम्मे दुकानदार असेच पंच होते. यात काही वाईट आहे असं आमच्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही.

मग एकदा समन्स आलं. तेव्हा आम्ही जुन्या भाड्याच्या घरात राहत होतो. मी दाराआड उभा राहून बायकोला खूण केली आणि ती पोलिसाला म्हणाली, "ते आता इथं राहत नाहीत." दार लावल्यावर ती माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या वेळी पोलीस दुकानावर आला. नवा होता, मला ओळखत नव्हता. माझंच नाव घेऊन त्याने विचारलं, हे कुठं भेटतील? मी म्हणालो, "तो माणूस गाव सोडून गेला." वर त्याला चहा पाजला. ही गोष्ट मी पुढे मित्रांमध्ये रंगवून सांगायचो आणि सगळे टाळ्या देऊन हसायचे. आता लिहिताना कान गरम होतात.

माझ्या दुकानात प्रती काढायला येणाऱ्या एक वकीलबाई होत्या. मी त्यांच्याकडे गेलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "काका, गवाहचं वॉरंट आहे, मुजरिमचं नाही. हाजिर झालात की रद्द होतं. पण केस कुठली ते तर सांगा. किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?"

मला सांगता येईना. पन्नास असतील, शंभरही असतील. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातला.

मग शोध सुरू झाला. माझं नाव इतकं सर्रास आढळणारं की त्या नावाचे साक्षीदार ढिगाने निघाले. एका केसमध्ये मी दारू पकडताना हजर होतो, एका केसमध्ये चाकू जप्त होताना. त्या निकाली निघालेल्या होत्या. वकीलबाई एकेक वाचून दाखवत आणि विचारत, "हे तुम्हीच?" मी मान हलवायचो. चौथ्या दिवशी एका कोर्टातल्या कारकुनाने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक फाइल काढली, झटकली आणि म्हणाला, "हे घ्या तुमचं."

विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याची केस होती, नऊ वर्षांपूर्वीची. दौलताबादच्या पुढच्या शिवारात कन्नडकडचा एक मेंढपाळ मेंढरं घेऊन उतरला होता. चोरी झाली आणि त्याला धरलं. पंचनाम्यात लिहिलं होतं की आरोपीने पंचांसमक्ष, राजीखुशीने, मोटार कुठे लपवली ते दाखवलं आणि झुडपातून स्वतःच्या हाताने काढून दिली. खाली माझी सही. छान वळणदार, खाली दोन टिंबं देऊन केलेली.

मागे समन्सवरचे अहवाल जोडलेले होते. 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' तेच वाक्य पाच वेळा, वेगवेगळ्या अक्षरांत. मी आपला सुटकेचा निःश्वास टाकत होतो, कारण केस एकदाची सापडली होती. तेवढ्यात वकीलबाईंनी रोजनामा पुढे सरकवला. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं ते त्यात लिहिलेलं असतं.

"हे पण वाचा, काका."

आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. पुढील तारीख. मी पान उलटलं. आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. पानंच्या पानं तेच. एका जागी मात्र उलटं होतं. आरोपी गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट. आणि त्याच्या खालीच, नवव्या दिवशी, आरोपीस अटक करून हजर केले.

"नऊ वर्षांत हा फक्त एकदा आला नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मेंढरं घेऊन कुठल्या माळावर होता, तिथून उचलून आणला. अकरा दिवस आत होता."

उघड्या रानात हिंडणारा माणूस त्यांना नऊ दिवसांत सापडला. दारावर पितळी पाटी लावून राहणारा मी नऊ वर्षांत सापडलो नाही. मला भर ऑफिसात लाज वाटली, अगदी शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखी. तरी त्याही क्षणी मनात दुसरा विचार होता तो पासपोर्टचाच, हेही कबूल करतो.

तारखेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर जागा नव्हती. पांढरी टोपी घातलेला एक पन्नाशीचा माणूस मला बघून सरकला. "बसा की साहेब." पिशवी त्याने मांडीवर घेतली. मी नवखा आहे हे त्याने ओळखलं असावं, कारण न विचारताच तो मला समजावू लागला. पाणी त्या कोपऱ्यात हाये. जज अकराला बसतेत. "नाव पुकारलं की लगीच हात वर करायचा. नायतर गैरहजर लावतेत अन् मंग लई वांधे व्हतेत."

"तुमची काय केस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हाये एक खोटी. माझा एक साक्षीदार सापडंना झालाय. नऊ वर्षं झाली. पोलीस म्हणतेत, म्हातारा मेला असंन." तो हसला. "मेला आसल तर तसं तरी लिहून द्या म्हणावं, माझा तर फेरा वाचंल."

त्याने पिशवीतून शेंगा काढून माझ्यापुढे धरल्या आणि मी चक्क दोन उचलल्या. तोंडात टाकवेनात, मुठीतच राहिल्या.

आदल्या दिवशीच वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं. "वॉरंट रद्द होण्यासाठी हाजिर राहणं पुरे आहे. पण साक्षही आजच घेतील. तिथं फक्त सच बोला. मी गेलो नव्हतो, सही दुकानात केली. बस. दुसरा पंच वारलाय, या एका वाक्यावर त्या माणसाची केस आहे. मोटार त्याने दाखवली, याखेरीज त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावाच नाही." मी हो म्हणालो होतो. रिक्षातही ते वाक्य घोकत आलो होतो.

नाव पुकारलं गेलं. मी हात वर केला. शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं दर तारखेला त्याने ते नाव ऐकलं होतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर समोर इतकी माणसं दिसतात हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेत आमच्या कॉलनीतले एक निवृत्त गुरुजी बसले होते, त्यांच्या स्वतःच्या कुठल्या तरी जमिनीच्या कामासाठी आलेले. त्यांनी मला ओळखून मान हलवली. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. सही तुमची? हो. मग त्यांनी विचारलं की आरोपीने तुमच्यासमोर मोटार काढून दिली का. वाक्य जिभेवर होतं. मी गुरुजींकडे पाहिलं आणि म्हणालो, "फार वर्षं झाली. नीट आठवत नाही."

आरोपीच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही त्या जागेवर गेलाच नव्हता, बरोबर?"

"आठवत नाही."

न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, गेल्याचं आठवत नाही, की गेलाच नव्हता?"

इतकी सरळ वाट कुणी करून देत नाही. मी तिसऱ्यांदा म्हणालो, "आठवत नाही."

माझं वॉरंट रद्द झालं. केसला तपास अधिकाऱ्याच्या साक्षीसाठी पुढची तारीख पडली. तो अधिकारी केव्हाच निवृत्त होऊन दूर कुठे राहायला गेला होता, म्हणजे आता त्याला शोधणं आलं.

बाहेर व्हरांड्यात तो माणूस माझी वाट बघत उभा होता. भांडेल असं वाटलं, भांडला असता तर बरं झालं असतं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगा. त्या दिशी तुम्ही व्हते का तिथं? कागदावर नाव हाये, पर मला तुमचा चेहराच आठवना. म्या घाबरल्यालो व्हतो. इतकी वर्षं वाटायचं, आसतीन बी, आपणच पाहिलं नसंल."

"नव्हतो," मी म्हणालो. "मी कधीच आलो नव्हतो तिकडं."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. "मंग आत्ता आत का नाय सांगितलं?"

"घाबरलो."

"कुणाला?"

त्याने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. मग कन्नडची गाडी चुकेल म्हणून तो पिशवी काखेत मारून निघून गेला.

वकीलबाई मागेच उभ्या होत्या. मी विचारलं, परत आत जाऊन सांगता येईल का? त्या म्हणाल्या, "येतं. त्याचे वकील तुम्हाला फिरसे बोलवण्याचा अर्ज देतील. तुम्ही फक्त त्यांना लेखी द्या की पंचनामा खोटा आहे, आणि आज जे बोललात तेही." मी म्हणालो, विचार करून सांगतो.

पासपोर्ट आला. आम्ही दुबईला जाऊन, नात बघून परतही आलो. वकीलबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.