हळदीच्या रंगाची फौज

थांब, फोन ठेवू नकोस. परवा केवढी हसलीस गं मला! "अक्का, या वयात बाहुल्या रंगवतीस?" म्हणालीस, आणि सांगलीतल्या तुझ्या शेजारणींनाही सांगून मोकळी झालीस. धाकटी बहीण म्हणून ऐकून घेतलं. बाहुल्या नव्हेत त्या. आधी सगळं ऐक, मग हस.

पुण्याला नोकरी करणारी माझी नात सुटीच्या दिवशी मित्रमैत्रिणींबरोबर टेबलावर लढाई मांडते. हिरवा कपडा, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि ज्याची त्याची बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची फौज. विकत मिळते ती राखाडी. रंग आपला आपण द्यायचा. आता तिची पहिली स्पर्धा आलीय, आणि तिथं बिनरंगी फौजेला टेबलावर जागाच नाही. नेमकी पोरगी स्कूटरवरून पडली, उजवा हात प्लास्टरमध्ये. खेळायला डावा पुरेल, रंगवायला कसा पुरणार? उंब्रजला आली आणि डबा माझ्यापुढं ठेवला. "आजी, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तूच रंगवायचीस ना? रंग तूच ठरव. फक्त सगळे एका फौजेचे वाटले पाहिजेत." एवढं बोलून, रंग कसा लावायचा ते दाखवून गेली.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. किल्ल्याचं सोपं होतं गं. एकाला लाल मुंडासं, एकाला निळं, वाटीत उरेल तो रंग. इथं एकदा चुकलं की अख्खी फौज चुकली. वांगी चिरताना वाटलं, जांभळा बरा. लावून बघितला तर सावलीत काळाच दिसला. कराडला जाताना एसटीतून उसाचे तुरे बघितले, तो रुपेरी रंग मनात भरला, आणि सैनिकाला लावला तर राख फासल्यासारखा. साड्यांच्या दुकानात नुसते काठ बघत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "मावशी, कुनाचं लगीन काढलंय?"

"फौजेचं," म्हटलं, आणि बाहेर पडले.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. डबा बघून त्यांच्या अंगात आलं. "रंग मी सांगतो. चिखलाचा आन् पाल्याचा. शिपाई दिसला की मेला."

"आवं, ही टेबलावरची फौज हाय."

"असंना का. गोळी ती गोळीच."

पुढची रांग रंगवली त्यांच्या मनासारखी. हिरवा, मातकट, वरून काळसर पाण्याचा हात, म्हणजे खाचांमध्ये सावली बसते. झाले सुरेख. पलंगावरच्या हिरव्या चादरीवर मांडले, पाणी पिऊन आले, तर फौज गायब! चष्मा लावून, वाकून, बोटांनी चाचपून एकेक गोळा केला. एक तर सापडेचना. चादर झटकली तेव्हा टपकन पडला, भाला वाकडा. हे छाती फुगवून म्हणाले, "बघ! ह्याला म्हंत्यात रंग!"

ह्यांनीच नातीला फोन लावला. ती कळवळली. "आबा, लपवायचे नाहीत हो! धनुष्यवाला कोण, भालेवाला कोण, ते टेबलापलीकडून कळलं पाहिजे. नाहीतर माझी फौज मलाच दिसायची नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. रांग वाया, दिवस थोडे, घरात बोलणंचालणं बंद. मला ना बसवे, ना उभं राहवे. हाताला चाळा म्हणून तू पाठवलेली हळकुंडं कुटायला घेतली. आपल्या आईचा तो काळा दगडी खल आठवतो ना? त्याच्या काठावर पिवळी पूड बसली होती. बत्ता हातात घेऊनच ह्यांना बघायला दारात गेले, वळले तर लांबून नुसती ती कडच दिसत होती. मी बत्ता तिथंच टाकला. काळ्यावर हळद, हाच फौजेचा रंग!

पण हळद काय सुखानं बसते? काळ्यावर पिवळा लावला तर हिरवट, काविळीतून उठल्यासारखे शिपाई. पुसले. मधे विटकरी हात दिला, तो वाळू दिला, मग पातळ पिवळा, पुन्हा पातळ पिवळा. तेव्हा कुठं उजळले. एक शिपाई ओट्याच्या टोकाला उभा केला आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या ह्यांना म्हटलं, "दिसतोय का?" एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्या, तो मिटून दुसऱ्यानं बघितलं.

"दिसतोय," म्हणाले. "लय दिसतोय. पयला ह्योच मरनार." आणि उठून त्याला हातात घेतलं. "पायाखालची माती तरी माझी असू दे."

आता मी अंगरखे पिवळे करते आणि हे शिपायांच्या पायाखालच्या चकत्यांवर नदीची वाळू चिकटवून चिखल रंगवतात. एका टेबलाशी बसतो. पुढची रांगही पुन्हा रंगवून झाली.

राहिलाय एक झेंडेवाला, आणि माझी झोप त्यानं उडवलीय. लाल लावला तर विटकरीत बुडतो. निळा लावला तर हळदीशेजारी ओरडतो. पांढरा म्हटलं तर हे खवळले, "लढाईआधीच शरण जातीस व्हय?" तीनदा रंगवला, तीनदा पुसला. या रविवारी नात डबा न्यायला येईल आणि सगळ्यात पुढं हाच उभा राहणार, राखाडी.

लहानपणी दोघींच्या परकराचे रंग तूच निवडायचीस, आणि कधी वाईट दिसले नाहीत. तेव्हा शनिवारच्या आत ये बाई. हसायचं ते इथं बसून हस, पण आधी त्याच्या झेंड्याचा रंग सांग.