रुमालाखालचा हात

आमच्या मेव्हण्याएवढा शिकलेला आणि शिकून एवढा कामातून गेलेला माणूस नांदेड-लातूरच्या इलाख्यात दुसरा सापडायचा नाही. मी स्वतः चौथी शिकलो, तीही अर्धी, तेव्हा याला शिकलेल्यांची काय पारख, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. हैदराबादेत मोठ्या प्रयोगशाळेत दगड-माती तपासायची नोकरी, डोक्यावर पंखा, एक तारखेला पगार, आणि ते सगळं टाकून गुप्त मंडळ्यांवर पुस्तक लिहायला बसलेल्या माणसाला मी तरी दुसरं काही म्हणणार नाही. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, कंधारचा. तिला अक्का म्हणायचा, मला दाजी.

त्याचं म्हणणं असं, की फार जुन्या काळी पाथरवटांचं आणि गवंड्यांचं एक मंडळ होतं. दगडावर दगड कसा बसवायचा, भुईत पाणी कुठं आहे, तारे काय सांगतात, हे सगळं ज्ञान त्यांच्यापाशी. ते कागदावर लिहायचं नाही, शपथ घेतलेल्या भावालाच द्यायचं. आणि हे भाऊ एकमेकांना ओळखायचे ते हात मिळवण्याच्या खुणेवरून. मिसर देशातल्या त्रिकोणी डोंगरांपासून कंधारच्या किल्ल्यापर्यंत सगळीकडं हीच मंडळी, असं तो सांगायचा. रजेवर आला असताना किल्ल्यातल्या दगडांवर त्याला कोरलेल्या खुणा दिसल्या आणि तिथून तो गेलाच. वर त्याला फिकीर अशी, की ती मंडळी अजून हयात आहे, आणि आपण पुस्तक लिहून राहिलो हे तिला कळलेलं आहे. म्हणून हॉटेलात बसला तर पाठ भिंतीला. येष्टीत बसला तर मागच्या बाकड्यावर. नवा माणूस भेटला की हात मिळवायचा, अंगठ्यानं त्याच्या बोटाचं पेर दाबायचा आणि डोळ्यांत बघायचा. पोस्टमननं हात ओढून घेतला. एका कचेरीतला कारकून इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "साहेब, इथं नको, मागच्या दारानं या."

आम्ही लिंगायत. एक दिवस जेवताना माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बघत बसला. "दाजी, गळ्यातलं हे लिंग, ही दीक्षा, शरणार्थ म्हणून वळख देणं... कधी इचार केलात का याचा?"

"केला की," मी म्हटलं. "आन तुज्या बी गळ्यात तेच हाय. तू कोन्च्या मंडळात हाईस?"

त्यानं स्वतःचा गळा चाचपला आणि ताट तसंच टाकून वहीत लिहायला गेला. माझी बायको एवढी हसली, की तव्यावरची भाकर करपली.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास तो पुस्तकांची पेटी घेऊन आमच्याकडं मुक्कामाला आला. अंगणातली कडब्यानं शाकारलेली खोली त्याला दिली. लोक पेढे वाटत होते आणि हा गर्दीत उभा राहून साहेबलोक एकमेकांचे हात कसे धरतात ते बघत होता. रात्री नकाशा पसरून मला म्हणतो, "उस्मानाबादेतून नेमका एवढाच तुकडा का काढला? यात कायतरी हाय."

"हाय की. कचेरीसाठी आता लांब जावं लागत न्हाई, हे हाय."

जिल्हा नवा झाला, पण आभाळ जुनंच राहिलं. पुढं पाऊस असा रुसला की विहिरीच्या तळाचा दगड पोरांनी पहिल्यांदा पाहिला. त्याच्यावर खुणा आहेत का हे बघायला मेव्हणा उतरला, आणि त्याला वर काढायला चार माणसं लागली. टँकर यायचा तेव्हा यायचा. सकाळी उठलं की पहिली फिकीर पाण्याची, दुसरी वैरणीची, आणि दोन्ही तशाच घेऊन झोपायचं.

घरात एक गाय होती. तांबू. लाल कंधारी जातीची, डोळ्याभोवती काळी कड. आमच्या लग्नात सासूबाईंनी लेकीसोबत कालवड पाठवली होती, तिची ही नात. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण बायको संध्याकाळी तांबूच्या मानेवर हात टाकून माहेरचं बोलत बसायची. आणि आता त्या तांबूच्या कुल्ल्याची हाडं खुंटीसारखी वर आली होती. कडबा संपला. एक दिवस मी म्हटलं, "बाजारला न्यावी लागंल. हितं दारात मेली तर तुला बघवंल का?"

बायको उठून गाईपाशी गेली. पदराचं टोक ओलं करून गाईचं तोंड पुसलं, कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या भावाला संगं न्या."

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. कुठलं बोट, किती पेरं, यावर भाव. बाजूच्याला काही कळत नाही. पटलं तर हात हलवायचा, नाही पटलं तर सोडायचा. आणि रुमालाखाली जे झालं ते बाहेर सांगायचं नाही, असा रिवाज. बाजारात सगळीकडं असे रुमाल हलताना बघून मेव्हण्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "दाजी, मी वाचत वाचत मिसरापर्यंत गेलो. आन हे हितं चालू हाय."

एक व्यापारी तांबूभोवती फिरून गेला होता. शेतकरी नव्हता. ट्रक भरून न्यायचा. ट्रक कुठं जातो ते विकणारानं विचारायचं नसतं. त्यानं रुमाल काढला आणि माझा हात वर होईना. मेव्हणा म्हणाला, "मी घालू का?" मी म्हटलं, "घाल बाबा."

रुमाल हलला. व्यापाऱ्याचं पान चघळणं थांबलं. "पाव्हणं, परत दाबा." यानं परत दाबलं. त्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि मला म्हणाला, "मालक, ह्यांला सावलीला बसवा. ह्या भावात मी बाजार इकत घेतो की." दुसरा आला, त्याचंही तेच. तिसरा हसत हसत गेला. मग बोंब झाली आणि आमच्याकडं कुणी फिरकेना. लांबून रामराम करायचे.

"काय सांगितलंस त्यांला?"

"मंडळाची खूण केली, दाजी. कुनीच वळखली न्हाई. खरी मंडळी न्हवं ही." तोंड असं पाडलं होतं की मारावंसंही वाटेना.

गावापर्यंत मी त्याला शिव्या दिल्या. मधी तांबू, पलीकडं तो, आणि त्याची छत्री गाईच्या डोक्यावर. आता हिला घालायचं काय, हे डोक्यातून जात नव्हतं. बायको दारात उभी होती. आम्हाला बघून आत गेली आणि प्यायच्या पाण्याची घागर आणून गाईपुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा त्याच्या खोलीच्या छपरावर चढला आणि शाकारणीचा जुना कडबा उपसून खाली टाकू लागला. काळा पडलेला, पण तांबूनं खाल्ला. डोक्यावर आभाळ घेऊन तो पुस्तक लिहीत बसला. छप्पर संपायच्या आत तालुक्याला जनावरांची छावणी उघडली, तर गाईसोबत तिथं जाऊन राहिला, पाऊस पडेपर्यंत. शेणामुतात बसलेला शास्त्रज्ञ, येणाऱ्याजाणाऱ्याचं पेर दाबणारा. पुढं पुढं लोकही त्याचं पेर दाबायला लागले. नाही दाबलं तर तो मिसर सांगायचा. तांबू जगली. पुढं व्याली.

गेल्या साली बायको अंथरुणाला खिळली होती. असंच मी तिला हसवायला बाजाराची गोष्ट काढली. ती हसली, मग म्हणाली, "तुमाला काय वाटतं, त्याला भाव कळत न्हवता? आमचे बाबा रुमालाखाली हात घालायचे तवा ह्यो त्यांच्या खांद्यावर बसून असायचा. पाढ्याच्या आधी बोटं शिकला त्यो."

"मग मला इतकी वर्षं का न्हाई बोललीस?"

"रुमालाखालचं कुनी सांगतं का," म्हणाली, आणि भिंतीकडं कुशीवर वळली.

तिला माती दिली त्या दिवशी मेव्हणा कंधारहून आला. दात गेलेत, काठी आली आहे. माणसं पांगल्यावर माझ्या बाजेवर येऊन बसला. मी काहीतरी बोलायचं म्हणून पुस्तकाचं विचारलं. "एक प्रकरण ऱ्हायलंय, दाजी," म्हणाला. मग खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि आत माझी बोटं दाबली. एक एक करून, सावकाश, सगळी संपली की पुन्हा पहिल्यापासून, आकडा कुठं थांबेचना.

मी बाजार केलेला माणूस आहे, बोटं मला वाचता येतात. त्या दिवशी तांबूचा त्यानं काय भाव सांगितला असेल, ते मला तिथं बसल्यावर कळलं. मी हात हलवला नाही. सोडलाही नाही.