भिंगताईने विभाग रिकामा केला

डोळ्यांच्या त्या रुग्णालयात सगळे तिला भिंगताई म्हणत. तपासणीची यंत्रं तिच्या हाताखाली होती. तिचा घटस्फोटित नवरा तिथेच नोंदणी विभागाचा प्रमुख. घटस्फोट तिने मुकाट्याने पचवला. पण तिच्या बढतीची बैठक भरली, तेव्हा हे महाशय समितीत बसून म्हणाले, "जिला घर सांभाळता आलं नाही, ती विभाग काय सांभाळणार?" बढती गेली. ते वाक्य तिच्या कानापर्यंत आलं आणि मनात ठाण मांडून बसलं.

त्याच्या विभागाचं काम तरी काय? यंत्र दर रुग्णामागे एक फाईल तयार करायचं. आत प्रत्येक आकड्याला त्याचं लेबल : उजवा डोळा, डावा डोळा, डोळ्यातला दाब, चष्म्याचा नंबर. त्याची माणसं ती फाईल उघडून एकेक आकडा एक्सेलमध्ये टंकत बसायची. हे टंकनच नाहीसं करायचं, असं तिने ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी ती पायथॉन ही संगणकाची भाषा शिकू लागली. छोटीशी स्क्रिप्ट : फोल्डरमधल्या फाईली वाच, लेबलं ओळख, प्रत्येक रुग्णाची एक ओळ कर. पहिल्यांदा सगळे आकडे एकाच रकान्यात कोंबले गेले. मग एक्सेलने रुग्णक्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं गिळली. ती चडफडली, पण हटली नाही. दर अडचणीला त्याचा चेहरा आठवायचा आणि बोटं पुन्हा चालू लागायची.

मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर तिने स्क्रिप्ट चालवून दाखवली. चहाचा घोट घेईपर्यंत तक्ता तयार. तो मागे हाताची घडी घालून उभा होता.

"एकच डोळा तपासला असेल तर? सगळे आकडे भलत्याच रकान्यात सरकतील ना!" तो म्हणाला.

"रकाना रिकामा राहतो," ती गोड आवाजात म्हणाली. "बघा ना, हा."

त्याचा चेहरा उतरत गेला. ती डोळे भरून बघत राहिली.

नोंदणी विभाग बंद झाला, तिथली माणसं स्वागतकक्षात गेली. प्रमुखाला मात्र प्रमुखपद कशाचं द्यायचं? त्याची दूरच्या शाखेत बदली झाली. जायच्या आधी तो तिच्या खोलीत आला.

"झालं समाधान?"

"विभाग कसा सांभाळायचा ते तुम्हाला विचारणार होते," ती यंत्राची काच पुसत म्हणाली, "पण आता विभागच कुठे आहे?"

तो दार आपटून गेला.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. घटस्फोटानंतरही ही सासू दर रविवारी हिच्याकडे यायची. दोघी मिळून त्याला मनसोक्त शिव्या घालायच्या.

"हे तूच केलंस ना गं?"

"हो, आई."

"मला आधी सांगायचंस. त्याला एकट्याला काही जमत नाही, मलाही त्याच्याबरोबर तिकडे जावं लागणार."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं."

"थांबवलंच असतं," म्हातारी म्हणाली.

पुढचा रविवार भिंगताईला खायला उठला. तरी कुणी विचारलं असतं, की पुन्हा करशील का, तर ती तडक म्हणाली असती, "उद्याच."