विकतचं सॉफ्टवेअर आणि राहिलेलं नाव

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला माझ्या मोबाइलवर मेसेज येतो की सबस्क्रिप्शनचे पैसे कापले. मी तो वाचतो आणि एक बारीक शिवी देतो. आता शिवीतही दम राहिला नाही. आधी डोकं तापायचं, आता नुसता शीण येतो. बंद करायचं बटण कुठं आहे ते मला चांगलं माहीत आहे. मी ते दाबत नाही, एवढंच.

पाटोद्यात स्टँडच्या मागं, पाइप-मोटारीच्या दुकानावर माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, भिंतींना गादीचा फोम, एक माइक आणि एक म्हातारा लॅपटॉप. एप्रिलात जयंतीची गाणी, मग लगीनसराई, मधूनमधून पुढाऱ्यांचे वाढदिवस. दिवाळी झाली की तालुक्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात आणि मी माशा मारत बसतो. चार महिन्यांचा धंदा आणि बारा महिन्यांचं भाडं, हे गणित मला कधी पटलंच नाही.

म्हणून गाण्याचं सॉफ्टवेअर मी विकत घेतलं होतं. एकदाच, रोख. बायको आठ दिवस धड बोलली नव्हती. पुढं कंपनीनं नवं व्हर्जन काढलं तेव्हा पैसे भरून अपग्रेडही घेतलं. त्याच्या पुढचं आलं तेव्हा म्हटलं, गरज नाही, आपलं जुनं मस्त चाललंय. कुणी जाब विचारला नाही. त्यातली खरी मजा तीच होती, घ्यायचं तर घ्या, नाही तर गप बसा.

मग सगळ्या कंपन्यांनी महिन्याच्या भाड्याची टूम काढली. आमच्या भागातल्या स्टुडिओवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं यावरून रोजची हाणामारी. कडा गावचा एक स्टुडिओवाला भाड्याच्या बाजूचा. तो लिहायचा, "मी सीझनला भरतो, कारखान्याचं गाळप सुरू झालं की बंद करतो. तुमी बसा जुनं कवटाळून." मी लिहायचो, "बे, तू भाडेकरू हाय. मी घरमालक हाय." लई गुर्मी होती मला, खोटं कशाला बोलू.

या घरमालकीतली माझी खरी इस्टेट म्हणजे माझ्या दोस्ताचं हळदीचं गाणं.

दोस्त गायचा. आवाज असा खणखणीत की त्याला माइकपासून दोन हात लांब उभं करावं लागायचं. आमच्याकडं हळदीला नवरीच्या नावाचं गाणं लागतं. चाल तीच, शब्द तेच, फक्त नाव बदलायचं. दर लग्नाला नव्यानं कोण गाणार? म्हणून आम्ही एक सोय केली. गाण्यात नावापुरती जागा रिकामी ठेवली आणि त्याला एका बैठकीत आठवतील तेवढ्या पोरींची नावं गायला लावली, एकामागून एक, दिवसभर. गिऱ्हाईक आलं की मी त्या रिकाम्या जागी नाव बसवायचो, दहा मिनिटांत पेन ड्राइव्ह हातात. त्यामुळं ते गाणं आम्ही कधी पूर्ण करून बाजूला ठेवलंच नाही. प्रोजेक्ट कायम त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडा. शहाण्या माणसानं त्यातले आवाज वेगळे काढून जपून ठेवले असते. आम्हाला ते सुचलं नाही, कारण उद्या दुसरी नवरी येणारच होती.

एकच नाव त्यानं गायलं नाही, त्याच्या लेकीचं. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. शाळा सुटली की स्टुडिओच्या दारात येऊन बसायची. यादीत ते नाव आलं आणि हा थांबला.

"हे न्हाई म्हणायचं."

"कावून? लई पोरींचं नाव हाय ते. धंदा बुडवतो का?"

"बुडू दे. हे तिच्या हळदीला म्हणीन. समोर उभा राहून."

त्या नावाच्या जेवढ्या नवऱ्या आल्या, तेवढ्या मी दुसऱ्या गायकाकडं पाठवल्या. त्याला शिव्या घालत पाठवल्या.

दोन वर्षांमागं त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला रुमाल असतो. काही सांगायचं असलं की मोबाइलवर लिहून दाखवतो. घरात कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवतो. एक टाळी म्हणजे बायको, दोन टाळ्या म्हणजे लेक. दोन टाळ्या वाजल्या की पोरगी काही न बोलता येऊन उभी राहते. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्याच्या घरी जाणं कमी केलं. चुकलं माझं.

यंदा उन्हाळ्यात तो स्वतःच जिना चढून वर आला. दम खाल्ला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "पोरीचं जमलं. हळदीला माझं गाणं लाव."

"लावू की! त्यात काय विचारतो?" मी म्हटलं. मग जीभ चावली. "अन् नावाचं?"

तो बराच वेळ लिहीत राहिला, पुसत राहिला. शेवटी दाखवलं, "नावाच्या जागी सनई टाक."

हळद बारा दिवसांवर होती. मी म्हटलं, तू काळजीच करू नको, गाणं माझ्या घरात आहे.

चार दिवसांनी कामाला बसलो तर लॅपटॉप चालूच होईना. आतली हार्ड डिस्क गेली होती. गाणी वेगळ्या डिस्कवर होती, म्हणून मी निवांत. बीडला जाऊन नवी डिस्क टाकून आणली, सॉफ्टवेअर परत टाकलं, वहीत जपून लिहिलेला नंबर भरला. स्क्रीनवर आलं की हे व्हर्जन आता बंद झालंय, ते सुरू करून मिळणार नाही. मी बिलाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, गोडगोड, की तुमच्यासाठी मासिक योजना उपलब्ध आहेत. अरे, आग लागो तुझ्या योजनेला! मी पैसे मोजलेत, अपग्रेडचे वेगळे मोजलेत, बिल आहे माझ्याकडं! पण ओरडणार कुणावर? पलीकडं माणूस तरी होता की नाही, देव जाणे.

दोन दिवस हट्टानं खटपट केली. काही झालं नाही. शेवटी नाक मुठीत धरून कड्याच्या त्या स्टुडिओवाल्याला फोन लावला. वाटलं होतं, आता हा घरमालक म्हणून हसणार. हसला नाही बिचारा.

"कावून एवढा ताप करून घेतो?" तो म्हणाला. "एक महिन्याचं भर, गाणं काढ, बंद कर."

"माझंच गाणं काढायला मी भाडं भरू?"

"मग नको भरू. पोरीची हळद थांबव."

भरलं. आपल्याच घरातली पेटी बाहेर काढायला कुलूपवाल्याला पैसे द्यावेत, तसं वाटलं.

प्रोजेक्ट उघडला, पण अर्धामुर्धा. जुन्या व्हर्जनमधली जोडकामं, म्हणजे आवाजाला वरून लावलेल्या सोयी, नव्याला चालेनात. सगळीकडं लाल खुणा. घुमारा गेला, पॉलिश गेलं आणि गेटही गेलं. गेट म्हणजे गायक थांबला की मधला खोकला, खुसफुस आपोआप दाबून टाकणारी सोय. इतकी वर्षं मी ते लावूनच ऐकत होतो. आता नावांचा ट्रॅक उघडाबोडका वाजायला लागला. एक नाव, मग त्याचा श्वास. एक नाव, मग घसा खाकरणं, पंख्याची घरघर, खाली एसटीचा हॉर्न, माझं "पुढचं म्हण बे". आता हे सगळं हातानं साफ करायचं! मी कपाळाला हात लावला आणि कापत बसलो.

निम्म्यावर आलो असेन. एक नाव गाऊन झालं आणि तो माइकपासून तोंड फिरवून दाराकडं ओरडला. लेकीचं नाव. शेवटचं अक्षर लांब ओढून, गल्लीत खेळणाऱ्या पोरांना घरी बोलावतात तसं. आणि पुढं, "पाणी आण गं!"

मी हेडफोन काढून ठेवला. मला रडू आलं, सरळ सांगतो. त्या दिवशी समोर असूनही ते माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं आणि रेकॉर्डिंगमध्ये मी ते कधी ऐकलंच नव्हतं. तोंड फिरवल्यामुळं आवाज बारीक आला होता आणि गेटनं तो इतकी वर्षं दाबून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दोस्ताला बोलावून ऐकवलं. त्यानं तीनदा ऐकलं. मी विचारलं, "पाणी आण तेवढं कापू का?" त्यानं जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. मोबाइल काढायच्याही फंदात पडला नाही.

हळदीच्या दिवशी मांडवात गाणं लागलं. म्हातारी माणसंसुद्धा बोलायची थांबली, कारण तो आवाज सगळ्यांच्या घरच्या हळदीतला होता. पोरगी पाटावर मान खाली घालून बसलेली, तोंडाला, हाताला हळद. दोस्त तिच्या समोर उभा होता, गळ्याला नवा रुमाल. नावाची जागा आली. सनई वाजली नाही. दोन्ही बॉक्समधून त्याची हाक आली, भलीमोठी, आणि मागून "पाणी आण गं!"

"आले, आबा!" पोरगी ओरडली आणि पाटावरून उठली.

बायांनी तिला धरलं. "अगं बस, गाणं हाय ते, गाणं!"

गाणं पुढं चालू होतं. माझं सबस्क्रिप्शन त्या महिन्यात संपायला हवं होतं, ते अजून चालू आहे. त्याच्या बाकीच्या गाण्यांच्या मधल्या जागा मी रोज थोड्या थोड्या ऐकतोय, अजून कुठं कुठं तो बोललाय ते वेचून काढतोय. भाडं तर भाडं.

पोरगी काही बसली नाही. बायांचे हात सोडवून तिनं पाटाजवळचा तांब्या उचलला, पिवळ्या हातांनी, आणि समोर नेऊन त्याला पाणी दिलं. त्यानं ते सगळं पिलं.