बिनमिठाची चटणी

जवस भाजल्याचा वास आला की जळगाव जामोदची आमची चूल आठवते. दादा सैन्यात ट्रेनिंगला होता, आणि एकदा त्याचं पत्र परक्याच अक्षरात आलं. हात मुरगळलाय, मित्राकडून लिहून घेतोय, असं त्यात होतं. "खोटं बोलून राह्यले. माह्या लेकराले काई झालं असन," माय म्हणाली. मीठ कमी पडलं की दादा ताट सरकवायचा, म्हणून तिनं मुद्दाम जवसाची बिनमिठाची चटणी करून पार्सलनं धाडली. उत्तर त्याच परक्या अक्षरात आलं: "माय, मीठ काऊन नाई टाकलं?" ते ऐकून माय किती दिवसांनी पोटभर जेवली. आता माझा नातू ट्रेनिंगला आहे. रोज फोनवर दिसतो, "मस्त आहे, आजी" म्हणतो. काल त्याच्यासाठी चटणी कुटली. मीठ घातलं नाही.