पंक्चरवाल्या दादाचा जोड

माझा थोरला भाऊ पंक्चर काढतो. पेट्रोल पंपाला लागून, रस्ता वळतो तिथे त्याचं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर आणि दारातच पाण्याने भरलेलं घमेलं. ट्यूब फुगवायची, घमेल्यात बुडवून फिरवायची, बुडबुडा दिसला की तिथे भोक. ठिगळ लावून पुन्हा बुडवायची, बुडबुडा नाही म्हणजे गाडी रस्त्यावर. एवढ्या विद्येवर त्याने संसार केला, मुलीला शिकवून नोकरीला लावलं. मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. माझी चारही चाकं त्याच्याच हातची आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. त्याच्या स्वभावाबद्दल तसं सांगता येणार नाही.

दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. संडासला रक्त पडायला लागलं तर हा म्हणे मूळव्याध आहे, उन्हात बसून होते. वहिनीने रडून-भांडून डॉक्टरांकडे पाठवला, तर तिथे जाऊन सांगितलं काय, भूक कमी झालीय. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हे. मी त्याच्या मागे उभी होते म्हणून बरं, रक्ताचं मीच सांगून टाकलं. मग दुर्बिणीचा तपास झाला, तुकडा तपासला गेला आणि कळलं की गुदाशयात कॅन्सरची गाठ आहे, तीही खूप खाली. आधी किरणं आणि गोळ्या देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, असं ठरलं.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जन बाई वयाने माझ्याएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, "पोट फाडायचं नाही. छोटी छोटी भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. आत हात फिरवायला जागा हवी म्हणून आधी पोटात गॅस भरून ते फुगवायचं."

"फुगवायचं," दादा म्हणाला. इतके आठवडे पडलेला त्याचा चेहरा जरा वर आला.

"हो. मग गाठीचा भाग भोवतालच्या चरबीसकट, कुठेही न फाटता काढून घ्यायचा. वरचं निरोगी आतडं खाली आणून जोडायचं. जोडून झालं की तिथे पाणी भरायचं, खालून हवा सोडायची आणि बुडबुडे येतात का पाहायचं."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू परमुलखात कोणी सख्खा भेटला. "पुढचं मला माहीत आहे," तो म्हणाला. "बुडबुडा नाही, तर काम झालं."

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "तरी काही महिने तुमच्या पोटावर पिशवी राहील. मळ वरच्या वरच बाहेर काढायचा."

इथे गाडी अडली. बुडबुडा नाही तर पिशवी कशाला, हे दादाच्या डोक्यात शिरेना. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं ठिगळ चिकटलं की चिकटलं. माझा जोड त्या दिवशी नुसता एकत्र धरलेला असतो. तो भरून यायला वेळ लागतो, आणि किरणं दिलेल्या जागी जास्तच लागतो. तोवर त्या वाटेने काही जाऊ द्यायचं नाही." मग जे सांगायचं तेही सांगितलं. जोड नीट भरला नाही तर पिशवी कायमची. भरला तरी वारा सरतोय की मळ येतोय हे कळणं, कळल्यावर धरून ठेवता येणं, ते वाट सुरू केल्यावरच समजेल.

परतताना व्हॅनमध्ये दादा म्हणाला, "कायमची राहिली तर मी घमेल्यावर वाकणार कसा? गिऱ्हाईक उभं राहील का जवळ?" मी म्हटलं, आधी गाठ जाऊ दे. पण दुकान गेलं तर हा माणूस उरत नाही, हे मला माहीत होतं.

ऑपरेशन छान झालं. पोटावर चार बारीक टाके आणि खाली गाठ बाहेर काढायला केलेली बोटभर चीर, एवढ्यात सगळं आटोपलं होतं. दुसऱ्याच सकाळी नर्सने त्याला उभा केला. मला वाटलं, फार घाई करताहेत. पण हालचाल केली की आतडी लवकर जागी होतात, पायात रक्त साकळत नाही. दादाची तक्रार निराळीच होती.

"काम पोटात केलं आणि खांदा का दुखतोय?"

"फुगवलेला गॅस थोडा आत राहतो, तो वर दाबतो," नर्स म्हणाली. "चाला, जाईल."

"म्हणजे हवा पुरती काढली नाही," दादा म्हणाला आणि कामातली चूक सापडल्याच्या आनंदात व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आला. सर्जन बाईंनी येऊन सांगितलं की एकही बुडबुडा आला नाही. पुढे तपासाचा अहवालही चांगला आला, गाठ पुरती निघाली होती, कडा स्वच्छ होत्या. आठवड्याच्या आत आम्ही त्याला घरी आणला.

पण घरी पिशवी टिकेना. पोटावर आतड्याचं लालसर तोंड, त्याभोवती चिकटणारी चकती बसवायची आणि चकतीला पिशवी. चकती नीट बसली की कित्येक दिवस हलत नाही, असं हॉस्पिटलात शिकवलं होतं. आमच्याकडे ती संध्याकाळपर्यंतही टिकत नव्हती. कातडी लाल झाली, मग ओली झाली, मग ओल्यावर काहीच चिकटेना. वहिनी मदतीला गेली की हा दार लावून घ्यायचा. माझं काम मला कळतं, म्हणायचा.

तपासणीला नेताना एकदा चकती माझ्या व्हॅनमध्येच सुटली. शर्ट, पँट, सीट, सगळं भरलं. मी गाडी कडेला घेतली, काचा उघडल्या, मुलांसाठी ठेवलेला पाण्याचा कॅन काढला. दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सीट खराब झाली तुझी."

"सीटवर रोज कोणी ना कोणी ओकतं," मी म्हटलं. "तू पाय उचल."

तो हसला नाही. "बाहेरची साधी चकती धरत नाही. आतला जोड काय धरला असेल? बाई मला बरं वाटावं म्हणून बोलतात." असं बोलणारा दादा मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्या क्षणी रडू आलं आणि रागही आला. राग कोणाचा, ते कळेना, म्हणून मी सीट जोरजोरात पुसत राहिले.

हॉस्पिटलात फक्त पिशवीचं काम बघणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्यांनी कातडी पाहिली आणि दादाला म्हणाल्या, "मला काही सांगू नका. नेहमी लावता तसं लावून दाखवा."

दादाने बाही सरसावली. वहिनीकडून खरखरीत टॉवेल मागून घेतला आणि त्या लाल कातडीवर खसाखसा घासायला सुरुवात केली. पुढे स्पिरिटच्या बाटलीकडे हात गेला, तेव्हा सिस्टरांनी मनगट धरलं.

"हे काय चाललंय?"

"घासल्याशिवाय काही धरत नाही," दादा म्हणाला. "गुळगुळीत ट्यूबवर ठिगळ टिकतं का कुठे?"

वहिनी फस्सकन हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची तर मेल्यावरही गेली असती की नाही देव जाणे. रोज स्वतःच्या पोटाला हा कानस लावत होता.

सिस्टर हसल्या नाहीत. "कोमट पाणी, मऊ कापड, नुसतं टिपायचं. सालटं निघाली आहेत तिथे ही पावडर. चकती लावली की वर तळहात ठेवायचा. अंगाच्या उबेने ती धरते. आणि मग थांबायचं."

"किती?"

"तुमची सवय मोडेपर्यंत," सिस्टर म्हणाल्या.

दादा पोटावर हात ठेवून बसला, सभेत शपथ घेणाऱ्या माणसासारखा. त्या दिवसापासून चकती टिकली. चकती टिकली तसा दादाही टिकला. व्हॅनमध्ये म्हणाला, "म्हणजे जोडाचा दोष नव्हता. कारागिराचा होता." पुढे तो दुकानात जाऊन बसायला लागला. चाकं उचलायची मनाई होती, तेव्हा खुर्चीवरून गिऱ्हाइकांना हुकूम सोडायचा आणि त्यांच्याकडूनच बोल्ट सोडवून घ्यायचा. पिशवी शर्टाखाली होती आणि कोणी दूर सरकलं नाही.

काही महिन्यांनी, राहिलेले उपचार आटोपल्यावर जोडाची शेवटची परीक्षा झाली. खालून पांढरं औषध सोडून फोटो काढला. बाईंनी पडद्यावर दाखवलं, औषध सरळ वर गेलं होतं, कुठेही बाहेर झिरपलं नव्हतं. पोटावरचं तोंड बंद करून पिशवी काढायचं छोटं ऑपरेशन लगेच ठरलं, तेही नीट पार पडलं.

आणि मग आम्ही वाट पाहत बसलो. आतडं चालू झालं याची पहिली खूण म्हणजे वारा सरणं. जो येईल तो विचारायचा, "हवा सुटली का?" नर्स विचारायची, सर्जन बाई विचारायच्या, मुलगी फोनवरून विचारायची. जन्मभर ज्याने हवा सुटू दिली नाही, त्याच्या उशाशी आम्ही सगळे हवा सुटण्यासाठी हात जोडून बसलो होतो. वहिनी तर खिडकीशी उभी राहून काहीबाही पुटपुटत होती.

दुपारी दादा एकदम ताठ झाला. आवाज आम्हा दोघींनाही आला. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि का, ते मला समजलं. बाईंनी सांगितलेलं दुसरं कोडं, वारा की मळ हे त्याला कळतं का, आता सुटायचं होतं. त्याने कोणाचा हात घेतला नाही. भिंत धरून संडासात गेला आणि कडी लावली. वहिनी दाराकडे बघत राहिली, मी वहिनीकडे.

कडी निघाली. दादा दारात उभा होता, डोळे भरलेले.

"मला आधीच कळलं होतं," तो म्हणाला. "तरी बघून आलो. नुसती हवा आहे."